न पेरलेल्या पिकाविषयी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका अभ्यासू वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. ‘पेराल तसे उगवेल’ हा निसर्गाचा आणि धर्माचा एकच नियम असून त्याला कोठेही अपवाद नाही, आणि कर्जात बुडालेला शेतकरी असो, व्यसनाने खंगलेला मजूर असो किंवा म्हातारपणी एकटा पडलेला बाप असो, प्रत्येक जण आपापलेच पीक कापत असतो, असा त्या पत्राचा आशय होता. सर्व धर्म हेच सांगतात हे दाखवण्यासाठी पत्रलेखकांनी बायबलमधील एक वचनही दिले होते. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे; वडिलोपार्जित साडेसहा एकर कोरडवाहू जमीन कसतो, आणि आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती उपासना चालत आली आहे. ज्या ग्रंथाचा आधार पत्रलेखकांनी घेतला तो ग्रंथ मी लहानपणापासून वाचत आलो आहे आणि ज्या कामाचा दाखला त्यांनी दिला ते पेरणीचे काम मी दरवर्षी करतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

पेरणीचा नियम खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तूर पेरली तर तूरच येते, या भरवशावरच माणूस खाण्यासाठी ठेवलेले धान्य मातीत टाकू शकतो. हा नियम नसता तर शेती हा नुसता जुगार झाला असता. उन्हाळ्यात वखरणी टाळणाऱ्याच्या वावरात पावसाळ्यात पिकाआधी तण दिसते, आणि निंदण वेळेवर न काढणाऱ्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडते, हे मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे. शाळेत असताना फळ्यावरच्या सुविचारांत हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा लिहिले आणि मुलांकडून वहीत उतरवून घेतले. आळस, लबाडी, दारू यांचे पीक कडूच येते, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. देवाने हा नियम माणसाच्या भल्यासाठीच घातला आहे असे मी मानतो.

पण शेती करणाऱ्या माणसाला याच कामातून दुसरीही एक गोष्ट कळते. २०१७ साली आमच्या भागात ज्यांनी पावतीचे बियाणे आणले, वेळेवर सरकी टोबली, डवरणी चुकवली नाही आणि खतही मोजून दिले, त्यांच्याही बोंडांत गुलाबी अळी निघाली. बोंड बाहेरून हिरवेगार आणि ठणठणीत दिसे; हाताने फोडले की आत किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस निघे. त्या वर्षी ज्यांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला त्यांनी काय पेरले होते म्हणून ते पीक त्यांच्या वाट्याला आले, असा प्रश्न मी पत्रलेखकांना अत्यंत आदराने विचारतो. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली होती, हे त्याचे कारण शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. त्या शेतकऱ्यांच्या पापपुण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, खोल आणि कसदार आहे, पण खाली विहीर खोदली तर खारे पाणी लागते, आणि ते पिकाला देत राहिले तर जमीनच बिघडते. दुसऱ्या तालुक्यात कष्टाळू माणूस विहिरीच्या बळावर दोन पिके घेतो; येथे मात्र कष्टाळू आणि आळशी या दोघांनाही मृगाच्या ढगांकडेच पाहावे लागते. अलीकडे शेततळी झाली आहेत, पण त्यांतही जे साठते ते वरूनच आलेले असते. देव आपला पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाडतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे, आणि या वाक्याचा अर्थ खारपाणपट्ट्यातील माणसाला कोणी उलगडून सांगावा लागत नाही. पाऊस शेताचा धुरा, म्हणजे बांध, पाहून थांबत नाही. पेरणी माझी असते, पण पेरलेले उगवावे यासाठी जे लागते त्यातील बहुतेक काही माझे नसते. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानात एका शेतकऱ्याचा छोटा दृष्टांत आहे: तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी रुजून वाढते, ते कसे हे त्याला कळत नाही.

आता पत्रलेखकांनी दिलेल्या वचनाकडे वळतो. ते येशूचा प्रेषित पौल याने गलतीकरांस, म्हणजे गलतिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील सातवे वचन आहे. माणूस जे पेरतो तेच तो कापील, देवाचा उपहास होत नाही, असे तेथे खरोखरच लिहिले आहे. मात्र ते वचन कोणत्या पत्रात आले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावणे म्हणजे सातबाऱ्यावरील एकच रकाना वाचून शेताचा मालक ठरवण्यासारखे होईल. गलतियातील मंडळ्यांना काही उपदेशक सांगत होते की, केवळ कृपेने माणूस देवाच्या घरचा होत नाही. नियमशास्त्राचे, म्हणजे मोशेने दिलेल्या यहुदी धर्मनियमांचे, आचरण करून त्याला ते स्थान कमवावे लागते. या शिकवणुकीने पौल इतका अस्वस्थ झाला की नेहमी आपल्या पत्रांच्या आरंभी वाचकांविषयी जे आभाराचे शब्द तो लिहितो, तेही त्याने या पत्रात लिहिले नाहीत. देवापुढे माणसाला आपल्या कमाईवर उभे राहता येत नाही, हे सांगण्यासाठी त्याने पाच अध्याय खर्च केले आणि त्यानंतर पेरणीचे वचन लिहिले. ज्या माणसाने स्वतः पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, त्यांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकले होते, आणि तरीही ज्याला क्षमा मिळाली होती, त्याच्या लेखणीतून हे वचन आले आहे. पेरल्याप्रमाणेच कापायचे असते तर पौलाच्या पदरी काय पडले असते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते.

कृपा या शब्दाचा ख्रिस्ती शिकवणीतील अर्थ बायबलच्या १०३ व्या स्तोत्रात फार सोप्या रीतीने आला आहे. देवाने आमच्या पापांच्या मानाने आम्हाला वागवले नाही, असे ते स्तोत्र म्हणते, आणि पुढे चारच वचनांनंतर त्याचे कारण सांगते की, आम्ही माती आहोत याची त्याला आठवण आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हीच गोष्ट मजुरीच्या भाषेत मांडली: पापाची मजुरी मरण आहे, पण अनंत जीवन हे देवाचे दान आहे. हे दोन शब्द आमच्या गावात शेतमजुरी करणाऱ्या बाईलाही नीट कळतात. आमच्याकडे कापसाची वेचणी किलोच्या भावाने होते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लटकतो, प्रत्येकीचे गाठोडे तोलले जाते, आणि जिने जितका वेचला तितकेच पैसे तिच्या हातावर पडतात. तान्हे मूल झाडाखाली झोळीत टाकून आलेली बाई दिवसभरात कमी वेचते आणि तिला कमी मिळते. काट्याला तिचे मूल दिसत नाही. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मालक मात्र पहाटे आलेल्यांना ठरलेला पूर्ण रोज देतो, आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना कामाला लागलेल्यांनाही तेवढाच देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. मालक त्यांना म्हणतो की, तुमचे ठरलेले मी कमी केले नाही; माझे असलेले मी उदारपणे दिले तर तुम्हाला वाईट का वाटावे? त्या शेवटच्या मजुरांना आधी कोणीच कामावर घेतले नव्हते, हेही दृष्टांतात स्पष्ट लिहिले आहे, आणि माझ्या मते ते वाक्य घाईने वाचून पुढे जाण्यासारखे नाही. संध्याकाळपर्यंत चौकात उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही चूल पेटायची असते.

ही कुरकुर विदर्भाने गेल्या काही वर्षांत आपल्या कानांनी ऐकली आहे. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली, २०१७ साली राज्याने दीड लाखापर्यंतचे आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ केले. प्रत्येक वेळी गावच्या पारावर एकच प्रश्न निघाला की, ज्याने बायकोचे डोरले मोडून सोसायटीचा हप्ता भरला, त्याचे काय? तो प्रश्न अगदी योग्य होता, आणि नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहनाची रक्कम देऊन सरकारलाही तो मान्य करावा लागला. कर्जमाफीच्या धोरणावर मी येथे मत देत नाही, कारण तो या पत्राचा विषय नाही. पण तिच्यातील दोन गोष्टी कृपेचा अर्थ समजण्यास मला उपयोगी पडल्या. पहिली अशी की, माफ झालेले कर्ज हवेत विरून जात नाही. शेतकऱ्याच्या खात्यावरचा बोजा उतरतो तेव्हा तीच रक्कम सरकारी तिजोरीतून बँकेत भरली जाते, कोणीतरी फेडतेच. दुसरी गोष्ट २००८ सालची आहे. त्या योजनेत पूर्ण माफीला दोन हेक्टरांची, म्हणजे पाच एकरांची मर्यादा होती. ओलिताखाली पाच एकर असणारा माणूस त्यात बसला, आणि आमच्याकडील सात-आठ एकर कोरडवाहू जमीन असणारा, ज्याचे उत्पन्न त्याच्या निम्मेही नव्हते, तो पूर्ण माफीतून बाहेर राहिला. माणसाने दिलेल्या माफीला अशी एखादी मोजपट्टी असणारच. देवाच्या कृपेविषयी बायबल जे सांगते त्यात मला अशी एकराची अट सापडत नाही, आणि म्हणूनच ती कुरकुरणाऱ्याला अन्यायासारखी वाटते.

फेडले कोणी, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला वधस्तंभाकडे नेतो. येशूने जे कापले ते त्याने पेरलेले नव्हते. त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना हात लावला, भुकेल्यांना जेवू घातले, आणि त्याच्या वाट्याला खिळे आले. पेरणीचा नियम रद्द झाला असता तर त्याला मरण्याचे कारण नव्हते; नियम कायम राहिला, पीकही आले, मात्र ते दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतले, अशी आमची श्रद्धा आहे. त्याच्या शेजारी टांगलेल्या एका गुन्हेगाराने कबूल केले की, आम्हाला आमच्या कृत्यांचे योग्य फळ मिळत आहे, पण याने काहीच अयोग्य केलेले नाही. आणि नंतर त्याने येशूला आपली आठवण ठेवण्याची विनंती केली. तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असे उत्तर त्याला मिळाले. त्याच्या हातून एकही सत्कृत्य घडायला आता वेळ उरला नव्हता. तो वधस्तंभावरून खाली उतरला नाही हेही तितकेच खरे आहे: राज्याच्या कायद्याने दिलेली शिक्षा त्याने शेवटपर्यंत भोगली.

एवढ्यावर पत्र थांबवता आले असते, पण मी हे सारे केवळ ग्रंथात वाचून लिहीत आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून माझ्या आयुष्यातील एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ती सांगताना आजही मान खाली जाते.

माझ्या वावराला लागून एका विधवा बाईचे चार एकर वावर आहे. तिचा नवरा गेला तेव्हा मुले लहान होती आणि शेताकडे पाहणारे घरात दुसरे कोणी नव्हते. त्या वर्षापासून मी धुरा कोरू लागलो. विदर्भातील कोणत्याही शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. वखर फिरवताना बैल जरासे पलीकडे धरायचे, पुढच्या वर्षी आणखी वीतभर, आणि धुऱ्यावरचा दगड मातीत दबला की तो आपल्या सोयीने पुन्हा उभा करायचा. चौदा वर्षांत मी दोन तास, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, पलीकडे गेलो. या चौदाही वर्षांत मी शाळेत ‘पेराल तसे उगवेल’ लिहीत होतो आणि पाळक नसतील त्या रविवारी आमच्या मंडळीत शास्त्रपाठ वाचत होतो.

मुलांच्या हिस्सेवाटणीसाठी मीच मोजणीचा अर्ज केला. मोजणी झाली, खुणा पडल्या, आणि पंचांसमोर निघाले की माझ्या ताब्यातील सहा फुटांची पट्टी, शेताच्या पूर्ण लांबीइतकी, म्हणजे सुमारे सव्वातीन गुंठे, त्या बाईची आहे. माझा थोरला मुलगा तेथेच उभा होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री मी हिशेब केला. कोरडवाहूचा एकरी उतारा धरून, दरवर्षी थोडे थोडे वाढत गेलेले क्षेत्र लक्षात घेऊन, तीन क्विंटलांच्या आसपास कापूस मी त्यांचा नेला होता. दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे रुमालात बांधून मी त्यांच्या घरी गेलो. घराचे छप्पर एका बाजूने खचले होते आणि त्यावर प्लास्टिक टाकले होते, हे मला आत जाताना दिसले.

मी म्हणालो, “काकू, माझ्या हातून पाप झाले आहे.” त्या गळ्यातील तुळशीच्या माळेशी चाळा करत थोडा वेळ बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मले मालूम होतं, मास्तर. लय सालापासून मालूम होतं. तुमचे लेकरं जेवले ना त्याच्यावर? मंग झालं. पांडुरंगानं मले कधी हिशोब मांगतला हाये, त मी तुम्हाले मांगू?” पैशांचा रुमाल त्यांनी माझ्याकडे परत सरकवला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.

संपादक महोदय, तहसीलमध्ये दावा लावला असता तर मला जितकी शिक्षा झाली असती त्याहून जास्त मी तो चहा पिताना भोगली, आणि तरीही ती शिक्षा नव्हती. मी जे पेरले होते त्याचे पीक माझ्यापुढे उभे होते: पंचांसमोर गेलेली पत, मुलाच्या डोळ्यांतील प्रश्न. त्यातील काही मला कापावेच लागले. सहा फुटांची पट्टी मी परत केली, मुलाने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड संभाषण केले नाही, आणि शास्त्रपाठ वाचण्याचे काम मी स्वतःहून सोडले. पण त्या बाईने माझ्या पापाचा नफातोटा आपल्याच वहीत लिहून टाकला. तीन क्विंटल कापूस त्यांनी सोसला. खचलेले छप्पर त्यांनी सोसले. फेडणारे कोणीतरी असतेच, हे मी ग्रंथात अनेकदा वाचले होते, ते त्या दिवशी माझ्या समोर पाटावर बसले होते.

कृपेचा असा उपदेश केला तर माणसे बेफिकीर होतील, अशी शंका पत्रलेखकांनी शेवटी व्यक्त केली आहे. ही शंका दोन हजार वर्षांपूर्वी पौलालाही विचारली गेली होती, आणि कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न स्वतःच मांडून त्याने त्याला ठाम नकार दिला. बायबलमधील दावीद राजाची कथाही हेच दाखवते. आपल्याच सैन्यातील उरियाची पत्नी त्याने घेतली आणि उरियाला लढाईत मारवले. नाथान संदेष्ट्यापुढे त्याने पाप कबूल केल्यावर त्याला क्षमा झाली, तो मरणार नाही असे सांगण्यात आले, पण त्याच्या घरातून तलवार काही गेली नाही, आणि पुढे त्याच्या मुलांनीच एकमेकांचे रक्त सांडले. आमच्याकडे वावरात कुंदा हे चिवट तण शिरले तर मालक बदलला, कर्ज फिटले, तरी कुंदा जमिनीत खोल राहतोच आणि तो वर्षानुवर्षे खणावा लागतो. क्षमा मिळालेल्या माणसाचेही तसेच असते. फरक एवढा की, तो आता खणतो ते आपल्या बापाच्या वावरात. सावकाराच्या वावरात राबणाऱ्यासारखी धास्ती त्याच्या मनात राहत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर त्या चहानंतर धुऱ्याच्या बाबतीत मी जितका सावध झालो तितका कोणत्याही सुविचाराने झालो नव्हतो.

मला अधिक काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. ‘पेराल तसे उगवेल’ हे वाक्य माणूस स्वतःला सांगतो तेव्हा ते औषध असते, पण तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर बोलले जाते तेव्हा त्याचे काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. महारोग हे मागच्या पापाचे फळ आहे असे समजून माणसांना गावाबाहेर काढले जात होते. त्या रोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता, तरी १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळ काम उभारले, तेव्हाही तो समज गेलेला नव्हता. मागच्या जन्मीचे पेरलेले म्हणून ज्यांच्या माथी अस्पृश्यता मारली गेली, त्यांतील लाखो लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासोबत त्या विचाराकडे कायमची पाठ फिरवली. येशूच्या शिष्यांनीही एका जन्मांधाकडे पाहून विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून त्याने स्वतःच नाही म्हणून सांगितले. बायबलमधील ईयोब हा नीतिमान असूनही मोठ्या दुःखात सापडला; त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने बसले तोवर त्याचे मित्रच होते. त्याने काय पेरले असावे हे सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका तरुण शेतकऱ्याने विष घेतले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मूल होते, आणि आलेल्यांपैकी एक वडीलधारे गृहस्थ दारातच, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की, पेरले ते उगवले. त्या माणसाने लग्नात खर्च केला होता हे खरे असेल, त्याने बँक सोडून खाजगी सावकाराचे पैसे घेतले हेही खरे असेल. पण ते वाक्य ऐकून तिने मांडीवरचे मूल छातीशी ओढून घेतले, आणि जणू तेही या पिकात मोजले जाणार आहे असे मला वाटले. आपल्या सदरातील पत्र वाचताना मला तीच ओसरी आठवली. पत्रलेखकांच्या मनात तसे काही नसेल याची मला खात्री आहे.

कृपा ही केवळ आमच्या मंडळीची मालमत्ता आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ आहे, आणि त्या पंथाच्या शिकवणीत कर्माप्रमाणे फळे देणाऱ्या देवता वेगळ्या आणि जीवाला मोक्ष देणारा परमेश्वर वेगळा मानला आहे. तुळशीची माळ घातलेल्या माझ्या शेजारणीने पांडुरंगाचे नाव घेऊन जे केले ते मी वर लिहिलेच आहे. ख्रिस्ती श्रद्धा आणि या परंपरा एकच आहेत असा माझा दावा नाही. मतभेद खोल आहेत आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. पण सर्व धर्म अपवादाविना पेरणीचाच नियम सांगतात, हे पत्रलेखकांचे विधान या मातीत तरी टिकत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

नियमशास्त्रातही देवाने पेरणाऱ्याला एक आज्ञा दिली आहे, तिचा उल्लेख करतो. पीक कापताना शेताचे कोपरे पूर्ण कापू नयेत, खाली पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा, असे लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. रूथ ही परदेशी विधवा याच आज्ञेच्या आधारे बवाजाच्या शेतात आली. तिने तेथे काहीच पेरले नव्हते. तिने सरवा वेचला, आपल्या सासूला जगवले, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद जन्मला. म्हणजे पेरणीचा नियम ज्याने घातला त्यानेच प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात त्याचा अपवादही ठेवून दिला. आमच्याकडे तूर निघाल्यावर सरवा वेचायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना पूर्वी कोणी हटकत नसे. आता हार्वेस्टर आल्यापासून खाली उरतेच कमी, आणि जे उरते त्यावरही काही जण हरकत घेऊ लागले आहेत.

आपणास माझी विनंती एवढीच आहे की, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील ते सातवे वचन आपल्या सदरात पुन्हा कधी छापण्याचा प्रसंग आला, तर त्याच अध्यायातील दुसरे वचनही त्याच्यासोबत छापावे. दोन्हींच्या मध्ये केवळ चार वचने आहेत. त्या दुसऱ्या वचनात लिहिले आहे की, तुम्ही एकमेकांची ओझी वाहा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. दर्यापूर, जि. अमरावती